गाडीची मागची बाजू खाली घ्यायची आहे? मकरपुऱ्यात खर्च किती आणि कशाकशाचा

‘केटला थशे?’, म्हणजे किती होतील? बडोद्याच्या मकरपुऱ्यात गाडीची मागची बाजू इंच-दीड इंच खाली घेण्याबद्दल हा प्रश्न विचारला, तर हजार रुपयांपासून लाख रुपयांपर्यंत कुठलंही उत्तर येऊ शकतं. उत्तर देणारा प्रत्येक जण आपल्या परीनं खरंच बोलत असतो. हजारवाला स्प्रिंगचा एक वेढा ग्राइंडरनं कापून देणार असतो. लाखवाला कॉइलओव्हर मागवणार असतो, म्हणजे आटे फिरवून उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग आणि शॉकचा अख्खा संच. या दोघांच्या मधे दोन रस्ते आहेत: कंपनीची तयार कमी उंचीची स्प्रिंग घेणं, किंवा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, स्वतःच्या मापाची वळून घेणं. बहुतेकांना परवडणारं आणि पचणारं काम या मधल्या दोहोंतच आहे. भाव विचारण्याआधी मात्र गाडीखाली एकदा वाकून बघायला हवं. मागे काय बसवलंय यावर मजुरी ठरते, आणि काही गाड्यांत हे काम करूच नये हेही तिथेच कळतं.

मागची बाजू मुळात उंच ठेवलेली असते ती उगाच नाही. छोट्या हॅचबॅकचं इंजिन, गिअरबॉक्स सगळं पुढे. रिकामी गाडी उभी असताना मागच्या चाकांवर फारसं वजन नसतं. दिवाळीत मागे तिघं बसले आणि डिकी बॅगांनी भरली, की तेच वजन दीडपट होतं. त्या दिवसासाठी कंपनी स्प्रिंगमध्ये जागा राखून ठेवते, आणि वर्षातले उरलेले दिवस चाक आणि मडगार्ड यांच्यात चार बोटांची फट दिसत राहते. तुम्हाला खुपते ती हीच फट.

गाडीत बाहेरून सीएनजी बसवून घेतला असेल, तर हा विषय इथेच सोडून द्या. साठ लिटरची लोखंडी टाकी साधारण साठ किलोची असते आणि ती मागच्या चाकांच्याही मागे, कायमची. अशा गाडीची मागची बाजू आधीच बसलेली असते. गॅरेजमध्ये या गाड्या उलट काम घेऊन येतात, मागून वर उचलायला. कंपनीतूनच सीएनजी आलेल्या गाडीचं सस्पेन्शन त्या वजनाला जुळवलेलं असतं. तिथेही हात घालण्यात काही शहाणपण नाही.

पैसे खर्च करण्याआधी एक फुकटची परीक्षा करून बघावी. टायरमध्ये हवा बरोबर भरा, गाडी सपाट जमिनीवर उभी करा आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही ठिकाणी मोजून लिहून ठेवा. मग सिमेंटच्या किंवा गव्हाच्या पन्नास-पन्नास किलोच्या दोन गोण्या डिकीत टाका आणि पुन्हा मोजा. छोट्या गाडीत मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर खाली आलेली दिसेल. आता दोन दिवस अशीच चालवा: घराचा उतार, तळघरातलं पार्किंग, सुसेन सर्कल, जीआयडीसीच्या आतल्या गल्ल्या. गतिरोधक इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानं १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे ऐसपैस चढ-उताराचा हवा. सोसायटीच्या दारात सिमेंट ओतून केलेला उंचवटा यातली उंची तेवढी पाळतो, रुंदीचं नाव काढत नाही. गाडी घासायची असेल तर तिथेच घासेल. गोण्यांनी चालीचा अंदाज येत नाही, फक्त उंचीचा येतो. पण तेवढ्यानंही निम्म्या लोकांची हौस फिटेल असं माझं मत आहे.

ही युक्ती काही नवी नाही. कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी ‘लोरायडर’ गाड्यांची सुरुवात अशीच डिकीत गोण्या टाकून आणि स्प्रिंगचे वेढे कापून केली. गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमपेक्षा खाली नको, असा कायदा तिथे १९५८ मध्ये लागू झाला. मग त्यांनी हायड्रॉलिक पंप बसवले आणि पोलीस दिसला की बटण दाबून गाडी वर घ्यायला सुरुवात केली.

घासतं काय, हेही समजून घ्या. चाकाला जोडलेला आडवा बीम स्प्रिंग छोटी केल्यानं फारसा खाली येत नाही, तो चाकाबरोबर जवळजवळ जिथे होता तिथेच राहतो. खाली येते ती वरची बॉडी आणि तिला लटकलेलं सगळं: सायलेन्सर, स्टेपनीची खोलगट जागा, बंपरची खालची कड. सायलेन्सरचा पाइप बऱ्याच गाड्यांत बीमच्या वरून जातो, त्यामुळे खड्ड्यात तो वरून येऊन बीमवर आपटतो. ‘मागून टक्-टक् येतंय’ या तक्रारीचं मूळ अनेकदा हेच असतं. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी आहे. मागे ४० मिमी उतरवले तर गाडीच्या मध्यावर साधारण २० मिमी कमी होतात आणि बंपरपाशी चाळिसाच्याही वर.

आता गाडीखालचा प्रकार. स्विफ्ट, बलेनो, आय-ट्वेंटी, पोलो अशा गाड्यांत मागे पिळणारा बीम असतो, त्यावर स्प्रिंग वेगळी आणि शॉक वेगळा. काम सर्वांत स्वस्त इथे. गाडी लिफ्टवर घ्यायची, शॉकचा खालचा बोल्ट काढायचा, बीम हळूच खाली सोडायचा, स्प्रिंग हातानं निघते. दोन्ही बाजू मिळून दोन तास पुरतात आणि मजुरी हजार ते दोन हजारांत बसते. स्प्रिंग शॉकवरच चढवलेली असेल तर ती दाबून धरणारं कॉम्प्रेसर लागतं, वेळ दुप्पट, मजुरीही दीड-दोन पट. दाबलेली स्प्रिंग निसटली तर हात जातो. त्यामुळे कॉम्प्रेसर नसलेल्या आणि दोरीनं बांधून काम करणाऱ्या मिस्त्रीकडे दोनशे रुपये वाचवायला जाऊ नका. तिसरा प्रकार पाट्यांचा, म्हणजे बोलेरो, जिप्सी, ओम्नी. एखादा पाटा काढून गाडी खाली येते खरी, पण भार वाहायची ताकदही त्याच पाट्याबरोबर जाते. मालवाहू कामाच्या गाडीत हे करूच नये. मागे अखंड आडवा धुरा आणि त्याला तिरका लॅटरल रॉड असलेल्या इनोव्हासारख्या गाड्यांत आणखी एक भानगड होते. बॉडी खाली आली की रॉडचा कोन बदलतो आणि धुरा एका बाजूला सरकतो. एका बाजूचं चाक मडगार्डच्या बाहेर डोकावताना दिसलं, तर कारण हे.

सर्वांत स्वस्त, सर्वांत जास्त केला जाणारा आणि मला सर्वांत नापसंत असलेला उपाय म्हणजे वेढा कापणं. काढणं, कापणं, बसवणं धरून सातशे ते दीड हजार रुपये. कापल्यावर स्प्रिंग मऊ पडते असा समज सर्रास आहे, आणि तो उलटा आहे. तार तीच, व्यास तोच, वेढे कमी, म्हणजे स्प्रिंग कडक होते. काम करणारे सहा वेढे असतील आणि त्यातला एक कापला, तर कडकपणा २० टक्के वाढतो. दोन कापले तर ५० टक्के. काही गाड्यांत स्प्रिंगच्या एका टोकाचे वेढे जवळजवळ असतात. ते छोट्या खड्ड्यांसाठी मुद्दाम मऊ ठेवलेले असतात. मिस्त्रीला कापायला सोपे तेच पडतात, कारण ते टोकाला असतात. म्हणजे गाडीचा मऊपणा नेमका कचऱ्याच्या डब्यात जातो.

टोकांचा प्रश्न त्याहून मोठा. मागच्या स्प्रिंगचं टोक बऱ्याचदा डुकराच्या शेपटीसारखं आत वळलेलं असतं आणि खालच्या वाटीत तेच नेमकं बसतं. ते कापलं की उरलेलं टोक वाटीत बसत नाही. कडेवर टेकतं, रबर खातं आणि वळणावर सरकतं. कापलेली स्प्रिंग बसवून घेतलीच असेल तर एक गोष्ट आजच बघा. गाडी जॅकवर घ्या, चाक अधांतरी लटकू द्या, आणि स्प्रिंग हातानं हलवा. हलली तर तिची मोकळी लांबी कमी पडते आहे. खड्ड्यात चाक खाली सुटलं की ती जागेवरून उठणार आणि परत बसताना वाकडी बसणार. अशी गाडी महामार्गावर नेऊ नका.

गॅसच्या ज्योतीनं स्प्रिंग तापवून बसवायला कुणी तयार झाला तर किल्ली परत मागा. स्प्रिंगचं पोलाद कारखान्यात पाणी देऊन आणि मग चारशे-साडेचारशे अंशांच्या आसपास परत तापवून तिच्या कामाला तयार केलेलं असतं. लालभडक केलं की तो सगळा संस्कार पुसला जातो. गाडी त्या दिवशी हवी तेवढी खाली येते, पुढच्या महिन्यात आणखी खाली, आणि एक दिवस वेढा तुटतो. दोन वेढे एकमेकांना आवळून धरणारे क्लॅम्प मिळतात, तेही याच पंक्तीतले.

तयार स्प्रिंगचा रस्ता महाग, पण हिशेबाला सरळ. आयबाख आणि एच अँड आर ही या धंद्यातली दोन मोठी नावं. दोन्ही जर्मनीच्या एकाच डोंगराळ भागातली, एक फिन्नेनट्रॉपची, दुसरी लेनेश्टाटची. पोलो, व्हेंटो, ऑक्टाव्हिया अशा जर्मन वळणाच्या गाड्यांना यांचा माल सहज जुळतो. चार स्प्रिंगांच्या संचाला साधारण वीस ते पस्तीस हजार धरा. इतर कंपन्यांचे संच बारा ते अठरा हजारांतही येतात. उंची बहुतेक २५ ते ३५ मिमी कमी होते. जर्मनीत अशी स्प्रिंग घेतली की सोबत तपासणीचा दाखला येतो. गाडी अधिकृत तपासणी केंद्रावर दाखवून बदल कागदपत्रांत चढवावा लागतो. आपल्याकडे तो दाखला खोक्यातून निघतो आणि बहुधा तिथेच राहतो. तो जपून ठेवा. आपल्या आरटीओत त्यानं परवानगी मिळत नाही, पण माल कुठल्या गाडीसाठी, किती वजनासाठी बनला हे त्यावर छापलेलं असतं. स्प्रिंगच्या वेढ्यावर छापलेला क्रमांक कंपनीच्या स्वतःच्या कॅटलॉगशी ताडून बघा. क्रमांकच नसेल तर नुसत्या रंगावर विश्वास ठेवू नका. लाल आणि निळी पावडर कोटिंग कुठेही करून मिळते.

आता मकरपुऱ्याचा खास मोह. इथे जीआयडीसीत लेथ, हीट ट्रीटमेंट, फॅब्रिकेशन सगळं हाकेच्या अंतरावर. मग मापाची स्प्रिंग वळूनच का घेऊ नये? घेता येते. पण व्हॉल्व्हची किंवा यंत्राची स्प्रिंग वळणारा कारागीर उत्तम असला तरी गाडीची स्प्रिंग हे वेगळं काम आहे. ती दिवसातून हजारो वेळा दाबली जाते आणि वर चिखल-पाणी खाते. कारखान्यात जाताना मूळ स्प्रिंग सोबत न्या. व्हर्नियरनं तारेचा व्यास मोजून घ्या, आणि कोटिंग खरवडून मोजा. तारेच्या व्यासाचा चौथा घात कडकपणात येतो. ११ मिमीच्या जागी साडेअकरा मिमीची तार वापरली तर स्प्रिंग जवळजवळ २० टक्के कडक होते, आणि ‘अकरा नव्हती, साडेअकरा लावली, उलट मजबूत झाली’ हे वाक्य ऐकायला कानांना फार गोड लागतं.

पुढे विचारायचं ते असं. तार कुठली? सिलिकॉन-क्रोम किंवा क्रोम-व्हॅनेडियम, तेलात टेम्पर केलेली, आणि तिचं टेस्ट सर्टिफिकेट दाखवा. वळल्यावर स्ट्रेस रिलीव्ह, म्हणजे पुन्हा तापवून आतला ताण काढणं, करणार का? शॉट पीनिंग, म्हणजे पृष्ठभागावर पोलादी छर्ऱ्यांचा मारा, होणार का? त्यानं बारीक चिरा वाढत नाहीत आणि आयुष्य वाढतं. आणि सर्वांत महत्त्वाचं, स्प्रिंग पूर्ण मिटेपर्यंत प्रेसखाली काही वेळा दाबून घेणार का? हे न करता बसवलेली स्प्रिंग पहिल्या दोन महिन्यांत स्वतःच बसते आणि तुम्ही मागितलेले २५ मिमी ३५ होतात, तेही दोन्ही बाजूंना सारखे नाहीत. शेवटी टेस्टरवर दोन ठरावीक उंचींना किती किलो भार येतो ते दोन्ही स्प्रिंगांचं तुमच्यासमोर मोजून घ्या. दोहोंत पाच टक्क्यांहून जास्त फरक पडला तर जोडी परत द्या. दोन नगांसाठी यंत्र लावायला कारखानदार फारसा उत्सुक नसतो, त्यामुळे नगाला अडीच ते पाच हजार सांगितले तर ते लुटणं नाही. पाचशेत वळून देतो म्हणणाऱ्यानं वरच्या प्रश्नांपैकी एकही कधी ऐकलेला नसतो.

हा रस्ता मला एका प्रकारच्या गाडीसाठी मनापासून पटतो: जिचे सुटे भाग मिळणं बंद झालंय. जनरल मोटर्सच्या हालोल कारखान्यातून निघालेल्या ओपल अ‍ॅस्ट्रा, कोर्सा अजून बडोद्यात कुणाकुणाच्या दारात आहेत. कंपनीनं २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवली आणि तो कारखाना पुढे एमजीकडे गेला. अशा गाडीची मागची स्प्रिंग तुटली तर मूळ मापाची, हवी तर १५ मिमी कमी उंचीची, नीट वळून घेणं हा शहाणपणाचा खर्च आहे. चार वर्षांच्या बलेनोला त्याची गरज नाही.

कॉइलओव्हरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. साठ हजारांपासून पुढे, नावाजलेला संच घेतला तर लाख-सव्वा लाख. ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्यांचा तो माल आहे. मकरपुऱ्याच्या धुळीत त्याचे आटे वर्षाकाठी स्वच्छ केले नाहीत तर जाम होतात, आणि मग उंची बदलण्याची सोय फक्त बिलावर उरते.

स्प्रिंगखेरीजचं बिल इथे सुरू होतं, आणि अंदाजपत्रकात ते बहुधा नसतं. शॉक अ‍ॅब्सॉर्बर जुने असतील तर कडक स्प्रिंग त्यांना सांभाळता येत नाही. गाडी गचक्यानंतर दोन-तीन वेळा डोलते. छोट्या गाडीचे चांगले शॉक नगाला अठराशे ते साडेतीन हजार. मधला फोमचा बंप स्टॉप दोनशे ते सहाशे. गाडी खाली आली की बंप स्टॉप आणि तो जिथे टेकतो ती जागा यांच्यातलं अंतर तेवढं कमी होतं. मागे तिघं बसले की गाडी सरळ बंप स्टॉपवर टेकून चालते, आणि मग ‘स्प्रिंग फार कडक आहे’ अशी तक्रार होते. मूळ स्टॉप मधून कापून छोटा करण्यापेक्षा त्या संचासोबत सांगितलेला आखूड स्टॉप घ्या. वाटीतली रबरं दीडशे ते चारशेला जोडी, ती हमखास नवी टाका.

लिफ्टपाशी उभे असाल तर एक बारकावा डोळ्यांनी बघा. बीमचे पुढचे बुश रबराचे असतात आणि ते बोल्ट आवळताना ज्या कोनात असतील तोच त्यांचा ‘शांत’ कोन ठरतो. म्हणून नव्या स्प्रिंग बसवल्यावर ते बोल्ट सैल करून, गाडी चाकांवर पूर्ण भारानिशी उभी असताना पुन्हा आवळायचे असतात. घाईत ते लिफ्टवर, चाकं लटकत असताना आवळले जातात. किंवा मुळात सैलच केले जात नाहीत. रबर मग दिवसरात्र पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. बीमचे बुश बदलायचे म्हणजे बीम उतरवायचा, तीन-चार हजारांचं काम. हे काम मजुरीत धरलंय का, ते आधीच विचारून ठेवा.

व्हील अलाइनमेंटच्या बाबतीत ग्राहक उगाच पैसे मोजतो ते असं. पिळणाऱ्या बीमच्या मागच्या चाकांना टो किंवा कँबर हे कोन बदलायला बोल्टच नसतो. तरीही ‘फोर व्हील अलाइनमेंट, मागचं करेक्शन’ म्हणून वेगळे पैसे लावलेले दिसतात. मागची मापं छापून मागा, जरूर मागा, कारण बीम वाकलेला असेल तर त्यातून कळतं. पण दुरुस्तीचे पैसे देऊ नका. पुढच्या चाकांचं अलाइनमेंट मात्र करून घ्याच. मागची बाजू उतरली की पुढच्या चाकांचा कॅस्टर कोन थोडा बदलतो. चारशे ते आठशे रुपयांत हे होतं.

फक्त मागची बाजू उतरवणाऱ्यांनी हेडलाइटचा हिशेब वाचूनच पुढे जावं. स्विफ्टच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २,४५० मिमी. मागे ४० मिमी खाली म्हणजे पूर्ण गाडीचं नाक जवळजवळ एक अंशानं वर. ऐकायला किरकोळ, पण हेडलाइटचा झोत दर मीटरला १६ मिमी वर उचलला जातो, २५ मीटरवर ४० सेंटिमीटर. लो बीम खाली झुकवलेला असतो तो साधारण दर मीटरला १० ते १५ मिमी. म्हणजे तुमचा लो बीम आता सपाट किंवा आभाळाकडे, आणि समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत. डॅशबोर्डवर झोत खाली घेणारं ० ते ३ आकड्यांचं चाक असेल तर तेवढ्यापुरतं काम भागतं, पण मागे माणसं बसली की ती सोय संपलेली असते. खरा उपाय म्हणजे भिंतीसमोर किंवा बीम सेटरवर स्क्रू फिरवून झोत नव्यानं बसवणं. शंभर-दोनशे रुपये, कधी फुकट. एवढं करूनही मागे २५ मिमीपेक्षा जास्त जायचं असेल तर चारही स्प्रिंग बदला. फक्त मागे दीड-दोन इंच हा सौदा मला कुठल्याच गाडीसाठी पटत नाही.

एबीएस नसलेली जुनी गाडी असेल तर मागच्या बीमपासून एका दांड्यानं जोडलेला व्हॉल्व्ह शोधा. मागे वजन वाढलं की मागच्या ब्रेकला जास्त दाब द्यायचा, हे त्याचं काम. गाडी खाली आली की त्याला वाटतं गाडी भरलेली आहे. रिकाम्या गाडीत पावसाळ्यात जोरात ब्रेक मारला तर मागची चाकं आधी अडकतात आणि गाडी फिरते. तो व्हॉल्व्ह नव्या उंचीला जुळवून घेणं मजुरीत हवंच. जुळवता येत नसेल तर काम रद्द करा.

आता बेरजा, छोट्या हॅचबॅकच्या. कापण्याचा रस्ता: काम १,०००, अलाइनमेंट ५००, एकूण दीड हजार. वर्ष-दोन वर्षांत कंटाळून परत मूळ स्थितीला आणायचं ठरलं तर मागचे शॉक ५,०००, मूळ स्प्रिंगची जोडी ३,५००, रबरं आणि बंप स्टॉप १,०००, मजुरी १,५००, म्हणजे आणखी ११,०००. दोन्ही मिळून साडेबारा हजार, आणि हाती उरलं काहीच नाही. वळून घेण्याचा रस्ता: जोडी ७,०००, रबरं-स्टॉप १,०००, मजुरी १,५००, अलाइनमेंट ५००, एकूण दहा हजार. तयार चार स्प्रिंगांचा रस्ता: संच १५,०००, स्टॉप १,०००, चारही बाजूंची मजुरी ३,५००, अलाइनमेंट ६००, म्हणजे वीस हजार शंभर. हे आकडे तोलमोल करताना हाताशी असावेत म्हणून. गाडी आणि कंपनीनुसार खाली-वर होणारच. सप्टेंबर २०२५ च्या २२ तारखेपासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुन्या दरानं आकारणी केलेलं कोटेशन कुणी पुढे केलं तर परत पाठवा.

कायद्याचं काय, हा प्रश्न गॅरेजमध्ये विचारला की ‘आरसीत उंची लिहिलेलीच नसते’ असं उत्तर येतं. नसते, हे खरं. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीनं ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करायला मनाई करतं. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही तेच अधोरेखित केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-ए नुसार परवानगीत न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. दंड मालकाला, मिस्त्रीला नव्हे. २५ मिमीची फट कमी झालेली कुणी मोजत बसत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण अपघात झाला की विम्याचा सर्व्हेयर बसतो मोजत, आणि कापलेली स्प्रिंग त्याला वाकल्या वाकल्या दिसते. दरजीपुऱ्याच्या आरटीओत लेखी विचारणा करा, विमा कंपनीला बदल ई-मेलनं कळवा, आणि दोन्हींची प्रत गाडीच्या फाइलमध्ये ठेवा. गाडी वॉरंटीत असेल तर सस्पेन्शनच्या वॉरंटीवर पाणी सोडूनच हे काम करायचं असतं.

बिल पक्कं घ्या. त्यावर गाडीचा नंबर, स्प्रिंगचा क्रमांक किंवा वळून घेतली असेल तर तारेचा व्यास, माल आणि मजुरी वेगवेगळी, आणि २४ नं सुरू होणारा जीएसटी क्रमांक हवा. २४ म्हणजे गुजरात. मुंबईहून माल आला तर २७ असेल, तेही चालतं. ‘बिल नको, दोनशे कमी करतो’ हा सौदा इथे करू नका. स्प्रिंग तुटली तर तक्रार करायला दुसरा कुठलाच कागद नसतो. वाद झाला तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावा. त्यानं सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार नोंदवता येते. माल दिल्लीहून ऑनलाइन मागवला असला तरी खेटे बडोद्यातच.

काम झाल्यावर लगेच शेवटचे पैसे देऊन निघू नका. मागे तिघांना बसवा, डिकीत वजन टाका, एक मोठी फेरी मारून या आणि मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला, प्लास्टिकच्या अस्तरावर घासल्याची चमक आली आहे का ते टॉर्चनं बघा. सुरुवातीला लिहून ठेवलेली चार मापं पुन्हा घ्या. डाव्या-उजव्या बाजूत पाच मिमीहून जास्त फरक असेल तर स्प्रिंगचं टोक वाटीतल्या थांब्याला टेकलंय का ते आधी तपासायला सांगा. बहुतेक वेळा ती फिरून बसलेली असते. मग हजार किलोमीटर झाल्यावर मापं, बोल्टचा टॉर्क आणि हेडलाइट हे तिन्ही पुन्हा. यासाठी चांगलं गॅरेज पैसे घेत नाही.

आणि काढलेल्या मूळ स्प्रिंग गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. डावी-उजवी लिहून, थोडं तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाका. गाडी विकताना घेणारा बहुधा मूळ उंचीचीच मागतो.